बुधवारचं विधेयक

हिवाळी अधिवेशनात कोणतं काम कधी घ्यायचं, हे दोन दिवसांनी दिल्लीत ठरायचं होतं, आणि ते ठरवणाऱ्या खात्याच्या राज्यमंत्री रत्नप्रभा गर्दे भोपाळात आपल्या घराच्या ओट्यावर मटार सोलत बसल्या होत्या. पिपलानीला लागून असलेल्या इंद्रपुरीतलं हे घर नरहररावांनी निवृत्तीच्या पैशांतून बांधलं होतं. त्याआधीचा सगळा संसार पिपलानीत, सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये झाला. नरहरराव कारखान्यात इंजिनियर आणि रत्नप्रभाबाई टाउनशिपच्या शाळेत भूगोलाच्या शिक्षिका. नंतर महिला मंडळ, महानगरपालिका, मग पक्षाने एकदम राज्यसभेवर पाठवलं आणि दोन वर्षांत संसदीय कार्य खात्याचं राज्यमंत्रिपद पदरात पडलं.

"अगं, देशाची संसद तुझी वाट बघतेय आणि तू मटार काय सोलतेस?" पेपर खाली ठेवत नरहरराव म्हणाले.

"हात चालले की डोकं चालतं माझं. सगळ्या मंत्रालयांची विधेयकं माझ्यासमोर येऊन पडलीत, आणि बैठका मोजक्याच. प्रत्येकाला वाटतं आपलंच आधी घ्या."

"मग शाळेसारखंच आहे की. गणिताच्या सरांना पहिला तास हवा आणि चित्रकलेच्या बाईंना शेवटचा नको."

बाई हसल्या. शाळेचं वेळापत्रक वर्षानुवर्षं त्यांनीच लावलं होतं, आणि ते लावताना किती जणांच्या रुसव्याफुगव्यांतून जावं लागतं हे नरहररावांनी घरात बसून पाहिलं होतं. पण शाळेत शेवटचा तास निदान होत तरी असे. राज्यसभेचा शेवटचा आठवडा गेल्या दोन्ही अधिवेशनांत झालाच नव्हता. सरकारी कारखान्यांचे शेअर विकायचे की नाही यावर विरोधकांना चर्चा हवी होती आणि सरकार ती टाळत होतं. मग विरोधक सभापतींच्या समोरच्या मोकळ्या जागेत उतरायचे, आरडाओरडा व्हायचा आणि सभागृह दिवसभरासाठी तहकूब. जी विधेयकं शेवटी ठेवलेली, ती तशीच राहायची.

त्या राहिलेल्यांत एक विधेयक बाईंच्या जिवाचं होतं. सरकारी कारखान्यातला माणूस नोकरीत असताना गेला, तर त्याच्या कुटुंबाला मुलांचं शिक्षण पुरं होईपर्यंत क्वार्टर सोडावं लागू नये, एवढीच त्यातली मागणी. लोकसभेने ते केव्हाच मंजूर केलं होतं. राज्यसभेत अडकलं. आणि आता लोकसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. लोकसभा विसर्जित झाली की अशी अर्ध्यावर अडकलेली विधेयकं आपोआप रद्द होतात. पुन्हा पहिल्यापासून सगळं. म्हणजे आता किंवा मग कधी ते देव जाणे.

फाटक वाजलं. कल्पना पुराणिक आत आली. पिपलानीत गर्द्यांच्या जुन्या क्वार्टरच्या मागच्याच ओळीत ती राहायची. तिचा नवरा रमेश कारखान्यात टेक्निशियन होता. उन्हाळ्यात हृदयविकाराने गेला. मुलगी सुचेता बारावीत.

"बाई, तुम्ही आलात असं कळलं म्हणून आले," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "जानेवारीअखेर क्वार्टर खाली करायचंय. ऑफिसातल्या साहेबांनी नियमात होती तेवढी मुदत वाढवून दिली. ते तरी बिचारे काय करणार? ते म्हणाले, तो दिल्लीतला कायदा आला तर आमचे हात मोकळे होतील. म्हणून विचारायला आले. सुचेताची परीक्षा मार्चमध्ये आहे."

"बस आधी," बाई म्हणाल्या. तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि मग सरळच सांगितलं, "कल्पना, तुला खोटी आशा लावणार नाही. विधेयक कामकाजात आहे. पण शेवटच्या आठवड्यात आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे नसल्यासारखंच."

 कल्पना रडली नाही. पाणी पिऊन तिने पेला मोरीत नेऊन विसळला, पालथा घातला आणि "येते बाई" म्हणून निघाली. ती रडली असती तर बरं झालं असतं असं बाईंना वाटलं. त्या उठल्या, पदराला हात पुसले.

"अहो, स्कूटर काढता का? शिवाजी नगरला जायचंय."

नरहररावांनी चष्म्यावरून पाहिलं. "फाळक्याकडे?"

"हो. सरकारी गाडीने गेले तर संध्याकाळच्या बातम्यांत येईल."

सदाशिव फाळके राज्यसभेतले विरोधी पक्षाचे उपनेते. मूळचे ग्वाल्हेरचे. पिपलानीत युनियनचे पुढारी म्हणून नाव काढलेलं. एका संपात त्यांनी शाळेचंही फाटक अडवलं होतं, तेव्हा गर्देबाई फाटकाशी येऊन त्यांच्याशी तासभर भांडल्या होत्या, आणि शेवटी मुलांना आत सोडावं लागलं होतं. दिल्लीत आज दोघं समोरासमोरच्या बाकांवर बसत, आणि भांडण तेच पुढे चालू असल्यासारखं एकमेकांना बोलत.

दार शारदाबाईंनी, म्हणजे फाळक्यांच्या पत्नीने उघडलं. "अगंबाई! या या. अहो, बघा कोण आलंय!"

फाळके बनियनवरच बाहेर आले, बाईंना पाहून आत पळाले आणि कुडता चढवून पुन्हा आले. "गर्देबाई, तुम्ही? स्कूटरवर? अरे, मंत्रालयाने पेट्रोल बंद केलं की काय?"

"पेट्रोल आहे. वेळ नाही. फाळके, मी सौदा करायला आलेय."

"सौदा आणि तुम्ही! शारदा, चाय ठेव जरा. कडक." ते खुर्चीत बसले. "बोला."

"तुम्हाला कारखान्यांच्या विक्रीवर चर्चा हवी आहे. पहिल्याच आठवड्यात सोमवार आणि मंगळवार, दोन दिवस तुमचे. पोटभर बोला. बुधवारी सकाळी क्वार्टरचं विधेयक घ्यायचं, आणि ते गोंधळाविना होऊ द्यायचं. त्यानंतर अडकलेली बाकीची."

फाळक्यांनी भुवया वर केल्या. "बाई, खरं बोलू? तुमच्यावर माझा भरोसा आहे. पण तुमच्या वरचे मंत्री, सहायसाहेब ना, ते ऐन वेळेला पलटी मारतील. दो बार झालंय असं. चर्चा देतो म्हणाले आणि दिली नाही."

"या वेळी देतील."

"चर्चेवर मतदान?"

"मतदान नाही देऊ शकत. ते मागितलंत तर चहा पिऊन मी निघते."

"बघा, आली ना अडचण!" फाळके पुढे सरसावले. "मी माझ्या लोकांना काय सांगू? दोन दिवस भाषणं ठोकली आणि घरी आलो? कामगार मला जोड्याने मारेल."

"त्यांना सांगा, उत्तर द्यायला अर्थमंत्री स्वतः उभे राहणार. त्यांच्या हाताखालचे राज्यमंत्री नाही."

 हे फाळक्यांना अपेक्षित नव्हतं. अर्थमंत्र्यांनी या विषयावर सभागृहात आजवर तोंड उघडलेलं नव्हतं. "अर्थमंत्री हो म्हणालेत?"

"अजून विचारलं नाही."

"कमाल आहे!" फाळके मोठ्याने हसले. "बाई, तुम्ही मला दुकानात नसलेला माल विकताय."

"माल आणणं माझं काम. मिळाला तर घ्याल की नाही, तेवढं सांगा."

आतून चहा घेऊन आलेल्या शारदाबाई तिथेच थांबल्या होत्या. ट्रे ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "हो म्हणा की. तुमच्याच युनियनच्या माणसांच्या बायका आहेत त्या. परवा महिला मंडळात कल्पना पुराणिक आली होती, तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं."

 फाळके चहाचा कप उचलून म्हणाले, "ठीक आहे. अर्थमंत्री उभे राहिले, तर बुधवार तुमचा. पण ते नाही राहिले, तर बाई, असा गदारोळ करेन की तुमची सगळी विधेयकं धुऊन जातील."

"मान्य," बाई म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला. कडक होता.

रविवारी त्या दिल्लीत पोचल्या त्या थेट अर्थमंत्र्यांच्या बंगल्यावर. वेळापत्रक फळ्यावर लावण्याआधी ज्याचा तास हलवायचा त्याला आधी जाऊन भेटायचं, ही त्यांची शाळेतली रीत. अर्थमंत्री वयस्क, अबोल गृहस्थ. बागेत गुलाबांची छाटणी करत होते. बाईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. फाळक्यांना आपण आधीच शब्द दिला आहे, हेसुद्धा.

अर्थमंत्र्यांनी कात्री खाली ठेवली. "मला न विचारता?"

"हो. तुम्ही नाही म्हणालात तर परत जाऊन त्यांची माफी मागेन."

"नाही कशाला म्हणू?" ते शांतपणे म्हणाले. "दोन अधिवेशनं उत्तर तयार करून बसलोय. चर्चाच होऊ देत नाहीत. बाहेर लोकांना वाटतं, मी पळतोय. गर्देजी, आपल्याच माणसांनी मला भित्रा ठरवलंय."

बाईंना हसावं की हात जोडावेत ते कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

सोमवारी बैठक भरली. लांब टेबलाभोवती ज्येष्ठ मंत्री, आणि मधोमध संसदीय कार्यमंत्री त्रिभुवन सहाय. सहाय मोठे धोरणी, पण एकदा पोळल्यावर ताकसुद्धा न पिणाऱ्यांतले. बाईंनी केलेला आराखडा त्यांनी वाचला आणि बोट पहिल्या आठवड्यावरच टेकवलं.

"हे काय? निवडणुका दारात आहेत आणि ज्या विषयावर आपली कोंडी होते, त्यालाच आपण पहिले दोन दिवस द्यायचे?"

"साहेब, गेली दोन अधिवेशनं आपण ते दोन दिवस वाचवले आणि बाकीचे सगळे घालवले," बाई म्हणाल्या. "राज्यसभेत अडकलेलं प्रत्येक विधेयक लोकसभेबरोबर जाणार. इथे बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं काही ना काही त्यात आहे."

टेबलाभोवती हालचाल झाली. कायदामंत्र्यांनी घसा साफ केला; त्यांचं ग्राहक न्यायालयांचं विधेयक त्यातच होतं. आरोग्यमंत्र्यांनी कागद पुढे ओढला.

"आणि बुधवारी क्वार्टरचं विधेयक पहिलं का?" सहायांनी विचारलं. "त्याने काय मतं मिळणार? त्याहून महत्त्वाची कितीतरी आहेत."

"कारण त्याला विरोध करायला कुणाचाच जीव धजावणार नाही. हर एक पक्षाच्या माणसाच्या भागात अशी एखादी टाउनशिप आहे. ते शांतपणे पार पडलं की सभागृहाला काम करायची सवय लागेल. मग पुढची अवघड घ्यायची. वर्गात मुलं दंगा करत असतील तर मी पहिल्यांदा सोपा प्रश्न विचारायची, साहेब."

कुणीतरी हसलं. सहाय हसले नाहीत. "आणि फाळके बुधवारी उलटले तर?"

"तर सगळ्यांना सांगा की गर्दे फसल्या. मी नाकारणार नाही."

सहायांनी अर्थमंत्र्यांकडे पाहिलं. त्यांनीच मोडता घालावा, अशी त्यांची अपेक्षा स्पष्ट दिसत होती. अर्थमंत्री पाण्याचा पेला बाजूला सारत म्हणाले, "चर्चा होऊ द्या. उत्तर मी देतो."

त्यानंतर फारसं बोलायचं उरलंच नाही. कायदामंत्री "मला हरकत नाही" म्हणाले, आरोग्यमंत्री "बरोबर आहे" म्हणाले आणि सहायांनी खांदे उडवून सही केली. बाहेर येऊन बाईंनी भोपाळला फोन लावला.

"फाळके, माल आलाय."

 पलीकडून फाळके म्हणाले, "बाई, तुम्ही युनियनमध्ये असायला हव्या होत्या."

अधिवेशन सुरू झालं. पहिल्या सोमवारी चर्चेला सुरुवात फाळक्यांनीच केली आणि सरकारची अशी काही सालटी काढली की बाईंच्या मागच्या बाकांवरचे त्यांचेच सहकारी कुजबुजायला लागले, 'हे यांनीच ओढवून घेतलंय.' बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. फाळके बोलत चांगलं होते. कारखान्यात त्यांनी स्वतःच्या हातांनी काम केलेलं होतं आणि ते शब्दाशब्दाला जाणवत होतं. मंगळवारी दुपारी अर्थमंत्री उत्तराला उभे राहिले. तासभर तेही तितकंच चांगलं बोलले. आणि मग शेवटी, इतक्या दिवसांचं साठलेलं होतं म्हणून की काय, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ज्यांना फक्त फाटकं अडवता येतात, त्यांनी कारखाने कसे चालवायचे ते आम्हाला शिकवू नये."

सभागृह पेटलं. विरोधक ताडकन उठले, घोषणा देत पुढे धावले. सभापतींनी कामकाज दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब केलं. सहाय बाईंच्या बाकाजवळून जाताना थांबले. "काय गर्देजी, बुधवार?" एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

 कल्पना पेला विसळताना पाठमोरी कशी दिसत होती, तेच बाईंच्या डोळ्यांसमोर येत राहिलं. त्या उठल्या आणि थेट अर्थमंत्र्यांच्या दालनात गेल्या.

"तुमचं भाषण उत्तम झालं," त्या म्हणाल्या. "पण ते एक वाक्य तुम्ही मागे घ्यायला हवं. उद्या सकाळी, सभागृहात."

अर्थमंत्र्यांचा चेहरा लाल झाला. "मी चुकीचं बोललो?"

"त्या फाटकावर मी स्वतः भांडलेय त्यांच्याशी. तरी सांगते, ते वाक्य लागलं. त्यांना नाही, त्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्या माणसांना."

ते खिडकीकडे वळले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. बाई नमस्कार करून निघाल्या.

बुधवारी अकराला सभागृह भरलं तेव्हा विरोधकांच्या बाकांवरची तरुण मंडळी उठायच्याच तयारीत बसली होती. तोच अर्थमंत्री उभे राहिले. "काल माझ्या तोंडून कामगारांच्या मनाला लागेल असं वाक्य गेलं. मी ते मागे घेतो आणि दिलगिरी व्यक्त करतो." आणि बसले. एवढंच.

तरी मागून कुणीतरी ओरडलंच, एक-दोघं पुढे निघाले. तेव्हा फाळके उठले. त्यांनी सभापतींकडे न पाहता मागे वळून आपल्याच माणसांकडे पाहिलं.

"बसा," ते म्हणाले. "बसा रे सगळे. आमचं भांडण संपलेलं नाही. ते आज संध्याकाळीही करू आणि उद्याही करू. पण ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घराचं सामान रस्त्यावर येऊ नये म्हणून आज कायदा होतोय. त्यात जो आडवा येईल, त्याने आधी माझ्याशी भांडावं."

निघालेले दोघं जागेवर परतले. 

मग अवजड उद्योगमंत्र्यांनी विधेयक मांडलं. भिलाईकडचे सदस्य बोलले, राउरकेल्याकडचे बोलले, बोकारोकडचे बोलले. एक वयस्क सदस्य म्हणाले, त्यांचे वडील गेले तेव्हा त्यांनी क्वार्टरमधल्या पेरूच्या झाडाखाली बसून मॅट्रिकचा अभ्यास पुरा केला होता, कारण घर खाली करावं लागलं होतं आणि माळी भला माणूस होता, बसू देत असे. बाईंनाही बोलायचं होतं. भाषण कितीतरी दिवसांपासून मनात रचलेलं होतं. पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीआधी मतदान झालं नाही तर पुन्हा काय होईल याचा नेम नव्हता. त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्या अर्धवट उठून म्हणाल्या, "सभापती महोदय, माझा वेळ मी मतदानाला देते."

आवाजी मतदान झालं. "जे अनुकूल असतील त्यांनी 'हां' म्हणावं." दोन्ही बाजूंच्या बाकांवरून एकच "हां" उठला. विरोधातले विचारले तेव्हा कुणीच बोललं नाही. विधेयक मंजूर झालं. बाकं वाजायला लागली ती थांबेनात. सहाय स्वतः उठून बाईंच्या बाकाशी आले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. "गर्देजी, पुढच्या आठवड्याचा आराखडाही तुम्हीच करा," ते म्हणाले. समोरच्या बाकावरून फाळके मात्र एवढ्या मोठ्याने बाक वाजवत होते की जणू विधेयक त्यांनीच आणलं होतं.

बाईंनी घरी फोन लावला. नरहररावांनी सगळं ऐकून घेतलं, "थांब हं" म्हणाले, आणि फोन तसाच ठेवून गेले. पलीकडून फाटक उघडल्याचा आणि स्कूटर सुरू झाल्याचा आवाज बाईंना ऐकू आला.

त्या अधिवेशनात राज्यसभेत अडकलेली सगळीच्या सगळी विधेयकं पार पडली. ग्राहक न्यायालयांचं तर त्याच आठवड्यात झालं. संसदेच्या आवारात लोक बाईंना वेळापत्रकवाल्या बाई म्हणू लागले आणि त्यांना ते आवडलं. राष्ट्रपतींची सही डिसेंबरातच झाली.

जानेवारीत बाई भोपाळला आल्या, तेव्हा हबीबगंज स्टेशनवर पिपलानीच्या बायकांची झुंबड उडाली होती. ढोल, गुलाल, फुलं. त्याच गाडीच्या पुढच्या डब्यातून फाळकेही उतरले आणि गर्दी पाहून मागच्या मागे सटकू लागले. कल्पनानेच धावत जाऊन त्यांना पकडून आणलं. हार एकच आणला होता. बायकांचा क्षणभर गोंधळ उडाला. मग कल्पनाने तो बाईंच्या गळ्यात घातला, आणि बाईंनी काढून फाळक्यांच्या गळ्यात टाकला.

"अरे, हे काय करता?" फाळके ओशाळून म्हणाले. "बाई, लोक काय म्हणतील? पक्षातून काढतील मला!"

"काढलं तर या आमच्याकडे. तुम्हालाही एखादा तास देऊ."

बायका खळखळून हसल्या. ढोल पुन्हा सुरू झाला आणि फाळक्यांनाही त्यात ओढून नेलं.

तिथून बाई आधी कल्पनाच्या क्वार्टरवर गेल्या. पुढच्या खोलीच्या भिंतींना नुकताच चुना दिलेला होता, ओला वास सगळीकडे भरला होता. सगळं सामान मधोमध ओढून त्यावर चादर टाकली होती.

"दर वर्षी दिवाळीआधी कारखान्याकडून सफेदी होते," कल्पना म्हणाली. "या वर्षी मी नको म्हणून सांगितलं होतं. जायचंच आहे तर कशाला? काल साहेबांना म्हटलं, आता पाठवा माणसं."

आतल्या खोलीत सुचेता दार लावून रसायनशास्त्राचा पाठ मोठ्याने घोकत होती. तिला हाक मारायला निघालेल्या कल्पनाला बाईंनी हात धरून थांबवलं आणि ओल्या भिंतींना न टेकता दोघी तिथेच चादरीच्या कडेला बसल्या.